खर्चाला फाटा

मराठी भाषेत 'फाटा' हा शब्द मोठा बहुगुणी आहे. झाडाला फाटा फुटतो, रस्त्याला फाटा फुटतो. वादात समोरचा माणूस हार जाण्याचे लक्षण दिसेना, म्हणजे आपण त्याच्या बोलण्याला फाटे फोडतो. आणि एखादी गोष्ट नकोशी झाली की सरळ तिलाच फाटा देऊन मोकळे होतो. लग्नातल्या मानपानाला फाटा देता येतो, भाषणातल्या प्रास्ताविकाला देता येतो (दुर्दैवाने कोणी देत नाही), आणि अंदाजपत्रक मांडणाऱ्या मंडळींना तर 'अनावश्यक खर्चाला फाटा' हे शब्द गुळाच्या खड्यासारखे गोड लागतात. वीस वर्षे मराठी शिकवताना हा शब्द मी फळ्यावर कितीदा लिहिला असेल! पण त्याच्या साऱ्या अर्थांची एकाच ठिकाणी गाठ पडेल आणि ते ठिकाण शीळफाटा असेल, असे मात्र कधी मनात आले नव्हते.

ज्यांनी शीळफाटा पाहिला नाही, त्यांनी हळहळण्याचे कारण नाही. कल्याण-डोंबिवलीकडचा रस्ता, मुंब्र्याकडचा रस्ता, महाप्याकडे जाणारा आणि पनवेलकडे जाणारा, अशा रस्त्यांची येथे गाठ पडते. आणि गाठ पडली की सुटत नाही, एवढेच या स्थळाचे माहात्म्य. 'शीळ' म्हटले की एखाद्या कविमनाच्या गृहस्थाला रानातली शीळ आठवेल. येथे ऐकू येतो तो कंटेनरचा भोंगा. रस्त्याच्या कडेला गोदामे, भंगाराची दुकाने, मागे डोंगर, आणि डोंगराच्या पायथ्याशी चाळी व उंच इमारती एकमेकींकडे पाठ करून उभ्या. रोज कॉलेजला जाताना आणि येताना मी येथे थांबते. म्हणजे मी थांबत नाही, बस थांबते.

आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे एक सहकारी आहेत. गृहस्थ अत्यंत सज्जन. चहाच्या वर्गणीचा हिशेब ते रुपयापर्यंत चोख ठेवतात आणि जगातील प्रत्येक गोष्टीची किंमत काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एके दिवशी वर्तमानपत्र खाली ठेवून ते म्हणाले, "अहो बाई, एका घरात नवराबायकोचे भांडण होते. त्यासाठी एक हवालदार जातो, एक अधिकारी अहवाल लिहितो, सरकार फुकट वकील देते, एक मॅजिस्ट्रेट वर्षभर तारखा देतो. निकाल काय? निम्म्या वेळा तडजोड! हा सगळा खर्च कोणाच्या खिशातून होतो? तुमच्या आणि माझ्या. चार भांडी एकत्र आली की आवाज व्हायचाच. त्या आवाजाचे बिल सरकारने का भरावे?"

प्रश्न अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. सरकारी पैसा हा झाडाला लागत नाही, आणि जो खर्चतो त्याला जाब विचारणे हे नागरिकाचे कामच आहे. पण भांड्यांची म्हण ऐकून माझ्यातली मराठीची शिक्षिका जागी झाली. कारण या विषयावर आपल्याकडे दुसरीही एक म्हण आहे: नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले, तर तक्रार कोणाकडे करायची? पहिली म्हण ओट्यावर बसून भांड्यांचा आवाज ऐकणाऱ्याने केली असावी; दुसरी म्हण भांड्यानेच केली आहे. शेकडो वर्षे तिच्या शेवटी प्रश्नचिन्ह होते आणि त्याला कोणी उत्तर देत नव्हते. उत्तर नव्हते, तोवर खर्चही नव्हता.

उत्तर आले ते फार उशिरा. १९८३ साली भारतीय दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आले आणि पतीने वा त्याच्या नातलगांनी केलेला छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. (१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली; आता तेच कलम तेथे ८५ व ८६ या आकड्यांखाली सापडते.) पण नवऱ्याला तुरुंगात धाडणे ही एक गोष्ट आणि त्या रात्री छपराखाली झोपायला मिळणे ही दुसरी. ही दुसरी गोष्ट ध्यानात घेऊन २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा अधिनियम झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अंमलात आला. मारू नका असा हुकूम, घरात राहण्याचा हक्क, पोटगी, मुलांचा ताबा हे सारे एका अर्जावर मागण्याची सोय त्यात आहे. आणि म्हणीतल्या प्रश्नाला त्याने शब्दशः उत्तर दिले आहे. तक्रार कोणाकडे? संरक्षण अधिकाऱ्याकडे! राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात तो नेमावा, असे कायदा सांगतो. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांच्या आत ठेवावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकालात काढण्याचा प्रयत्न करावा, असेही तो सांगतो.

तीन आणि साठ. हे दोन आकडे मी प्रथम वाचले तेव्हा मला एखाद्या चांगल्या कवितेचा आनंद झाला. पुढे प्रत्यक्ष कोर्टाच्या बाकावर बसण्याचा योग आला, तेव्हा कविता आणि व्यवहार यांतले अंतरही समजले.

झाले असे, की माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातील एक मुलगी एकाएकी दिसेनाशी झाली. हुशार मुलगी, पहिल्या बाकावर बसून प्रश्न विचारणारी. चौकशी केली तेव्हा कळले, की ती शीळफाट्याजवळच्या एका चाळीत राहते, तिची आई गोदामात खोक्यांना चिकटपट्टी लावण्याचे काम करते, आणि वडिलांनी केलेल्या मारहाणीत आईचे मनगट मोडल्यापासून ते काम मुलगी करते आहे. आईने अर्ज केला होता. कायदेशीर सेवेचा वकील मिळाला होता. स्त्रीला तो मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, ही १९८७ च्या कायद्याची कृपा. आई मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही नुसतं बाजूला येऊन बसा. तुम्ही बसलात की माणसं मला 'ए' म्हणत नाहीत."

मी जाऊन बसले. पहिल्या तारखेला अहवाल आला नव्हता. दुसऱ्या तारखेला समन्स बजावले गेले नव्हते. ज्या शिपायाने ते बजावायचे तो चार दिवस मिरवणुकीच्या बंदोबस्तावर होता. तिसऱ्या तारखेला नवरा आला, पण त्याचा वकील आला नाही. चौथ्या तारखेला सगळे आले आणि साहेब रजेवर गेले. अहवाल लिहिणाऱ्या बाई एकदा भेटल्या. त्यांच्याकडे या कामाखेरीज आणखी दोन खात्यांची कामे होती आणि बसायला खुर्ची होती ती उसनी. त्या घाम पुसत म्हणाल्या, "मी एकटी कुठे कुठे पुरू?" त्यांच्यावर रागावण्याची मला सोयच उरली नाही.

बाकावर आमच्या शेजारी नवऱ्याची आईही बसलेली असे. सत्तरीची म्हातारी, तिचेही नाव अर्जात होते. दोघी एकमेकींकडे पाहत नसत. पण दुपार कलली की म्हातारी हळूच विचारी, "किती वाजले गं?" आणि सून मान न वळवता उत्तर देई, "अडीच." पुन्हा शांतता. त्या दोघींचा मिळून दर तारखेला एक दिवस जात होता. सुनेची रोजी बुडत होती आणि म्हातारीच्या गोळ्यांची वेळ चुकत होती.

येथेच मला माझ्या सहकाऱ्यांच्या हिशेबातली गफलत दिसू लागली. त्यांनी खर्च मोजला तो खरा होता, पण तो अंमलबजावणीचा खर्च नव्हता. तो अंमलबजावणी न झाल्याचा खर्च होता! एक अधिकारी पुरेसा असता आणि अहवाल वेळेवर येता, तर तीन तारखा वाचत्या. तीन तारखा म्हणजे साहेबांचा, कारकुनाचा, शिपायाचा, दोन वकिलांचा आणि बाकावरच्या आम्हा सर्वांचा वेळ. एका माणसाचा पगार वाचवण्यासाठी दहा माणसांचे दिवस जाळायचे, याला काटकसर म्हणत नाहीत. आमच्याकडे अशा वेळी 'दमडीची कोंबडी आणि रुपयाचा मसाला' म्हणतात; पण येथे मसाला रोज शिजतो आहे आणि कोंबडीचाच पत्ता नाही.

ही काही माझ्या एकटीची तक्रार नव्हे. कायदा अंमलात येऊन अठरा वर्षे उलटल्यावर, २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले, की जिल्ह्यात आणि तालुक्यात महिला व बालविकास खात्यातील अधिकारी शोधा आणि त्यांना संरक्षण अधिकारी म्हणून नेमा. म्हणीच्या शेवटचे प्रश्नचिन्ह पुसायला आपण कायदा केला, आणि मग खडू विकत घ्यायचा राहून गेला.

खर्चाची ही चिंता आपल्याला नेहमीच होती का? इतिहास पाहिला तर तसे दिसत नाही. १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दादाजी भिकाजी या गृहस्थाने आपली पत्नी रखमाबाई हिने नांदायला यावे म्हणून दावा लावला. लग्न बालपणी झालेले. रखमाबाईंनी नांदायला जायचे नाकारले. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला; प्रकरण अपिलात गेले, परत आले, आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा केली की तिने नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे. तुरुंग पत्करीन, पण जाणार नाही, असे त्या बाईने सांगितले. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हक्क सोडला आणि रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. या चार वर्षांत देशभर केवढा गदारोळ उठला! धर्म बुडाला, संस्कृती बुडाली, असा आक्रोश करणाऱ्यांत मोठमोठी माणसे होती. पण नांदायला न जाणाऱ्या एका तरुणीला सहा महिने तुरुंगात पोसण्यासाठी सरकारी तिजोरीतून किती पैसे जातील, हा प्रश्न त्या आक्रोशात ठळकपणे ऐकू येत नाही. बाईला घरात ढकलण्याचा खर्च हा राज्यकारभार, आणि तिला घरात सुखाने राहू देण्याचा खर्च ही उधळपट्टी, असा आपला जमाखर्च पूर्वीपासूनच लिहिला गेला आहे.

माझे सहकारी यावर गप्प बसणारे नव्हते. ते म्हणाले, "ठीक आहे. पण खोट्या तक्रारींचे काय? म्हाताऱ्या सासवांना पोलीस ठाण्यात ओढतात, त्याचे काय?" आक्षेप योग्य आहे आणि तो न्यायालयांनीही ऐकला आहे. २०१४ साली अर्नेश कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की तक्रार आली म्हणून यांत्रिकपणे अटक करू नये. अटकेची गरज आहे का, हे आधी तपासून कारणे लिहावीत. उत्तम झाले. पण खरे काय आणि खोटे काय हे निवडायचे कोणी? तांदूळ निवडायलादेखील कोणीतरी सूप घेऊन बसावे लागते. निवडणारे माणूस नेमायचे नाही आणि खडे फार येतात म्हणून तांदळालाच नावे ठेवायची, हा कोणता न्याय? लवकर आणि नीट झालेली चौकशी जितकी मार खाणाऱ्या सुनेला हवी, तितकीच निरपराध सासूलाही हवी. बाकावर बसून वेळ विचारणारी ती म्हातारी दोषी होती की नव्हती, हे ठरायला तरी तारीख चालायला हवी होती.

आणि हे काम फार खर्चाचे आहे असेही नाही. महाराष्ट्राने ते स्वतःच दाखवून दिले आहे. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी एक विशेष कक्ष उघडला. कल्पना साधी होती: पोलिसांच्या आवारातच प्रशिक्षित समाजसेविका बसवायची, तिने बाईचे म्हणणे पूर्ण ऐकायचे, नवऱ्याला बोलावून घ्यायचे, आणि पुढचा मार्ग बाईने स्वतः निवडावा म्हणून तिच्या पाठीशी उभे राहायचे. पुढे राज्य शासनाने ही योजना आपली मानली आणि ती जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली. एक टेबल, चार खुर्च्या आणि ऐकून घेणारी दोन माणसे. सरकारी खर्चात याहून स्वस्त वस्तू शोधू म्हटले तरी सापडायची नाही.

अंमलबजावणीला फाटा दिला म्हणजे काय होते, हे शीळफाट्याला तरी शिकवायला नको. २०१३ च्या एप्रिलमध्ये येथे बांधकाम चालू असलेली एक बेकायदा इमारत कोसळली आणि सत्तरांहून अधिक माणसे गेली. बांधकामाचे नियम होते. ते राबवण्याचे कष्ट तेवढे वाचवले होते. आणि २०२४ च्या जुलै महिन्यात नवी मुंबईतील एक विवाहिता घरातल्या भांडणानंतर घराबाहेर पडली आणि येथल्या डोंगरावरच्या एका देवळात येऊन बसली. देऊळच ते, तेथे भय कसले, असे तिला वाटले असेल. तिच्यावर अत्याचार करून तिचा खून केल्याच्या आरोपावरून पोलिसांनी तेथल्याच तिघा सेवेकऱ्यांना पकडले. त्या घरातल्या भांडणात चूक कोणाची होती, हे मला येथे सांगायचे नाही. मला एवढेच दिसते, की घरातून बाहेर पडलेल्या बाईच्या मनात 'कुठे जाऊ?' या प्रश्नाचे उत्तर म्हणून एखाद्या सरकारी निवाऱ्याचा दिवा लागला नाही. कायद्यात आश्रयगृहाची तरतूद आहे. ते प्रत्येक बाईला पाठ असावे, आणि रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावता यावे, यासाठी पैसा लागतो. तो लावला नाही, तर पुढे तपासाला, खटल्याला, तुरुंगाला लागतो. आणि तो कितीही लावला तरी माणूस परत येत नाही.

आता एकच आकडा सांगते. मला आकड्यांची भीती वाटते, पण हा विसरता येत नाही. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली. तीत महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांनी नवऱ्याच्या हातून हिंसा सोसल्याचे सांगितले. आणि देशभर पाहिले तर हिंसा सोसलेल्या शंभर स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या निघाल्या फक्त चौदा! हा आकडा मी सहकाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "बाई, उरलेल्या शहाऐंशी जणी उद्या आल्या, तर कोर्टे बंद पडतील."

अर्थशास्त्राच्या माणसाने जे बोलायचे तेच ते बोलले, आणि माझ्या मते साऱ्या वादाचे मर्म त्यात आहे. तिजोरीची आजची बचत ही त्या शहाऐंशी जणींच्या मौनावर उभी आहे. त्यांचे बिल कोणी भरतच नाही असे नव्हे. ते फक्त सरकारी वहीत चढत नाही. ते माहेरी भरले जाते, जेथे म्हातारा बाप पुन्हा एक जादा चटई पसरतो. ते सरकारी दवाखान्यात भरले जाते, जेथे केसपेपरवर 'न्हाणीघरात पडली' असे लिहिले जाते. ते वर्गातल्या पहिल्या बाकावर भरले जाते, जो मोकळा पडतो. भांडण चार भिंतींच्या आत राहते असे आपण म्हणतो खरे. पण त्याचा खर्च कधीच आत राहत नाही.

त्या मायलेकींचे पुढे काय झाले, ते सांगायला हवे. पाचव्या तारखेला अहवाल आला, सहाव्या तारखेला युक्तिवाद झाला, आणि सातव्या तारखेला अंतरिम हुकूम निघाला: नवऱ्याने खोलीबाहेर राहावे, दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, आणि जवळच्या पोलीस ठाण्याने लक्ष ठेवावे. सासूला मात्र बाहेर काढता येत नाही. स्त्रीविरुद्ध असा हुकूम करू नये, असे कायद्याचेच म्हणणे आहे. तेव्हा म्हातारी त्याच खोलीत राहिली. त्या संध्याकाळी हुकूम घेऊन आलेला हवालदार दारात उभा होता; घामाघूम झालेला, सकाळपासून उपाशी. त्याला चहा कोणी द्यायचा हा प्रश्न क्षणभर खोलीत रेंगाळला. मग म्हातारीच उठली आणि तिने स्टोव्ह पेटवला. पुढे सासूच्या गोळ्यांची वेळ सुनेने पाळावी की नाही, याबद्दल हुकुमात काही लिहिलेले नव्हते. मुलगी सांगते, की आई पाळते. मुलगी आता वर्गात येते. उशिरा येते, पण येते.

हुकमाची नक्कल हातात पडली त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर आईने पदराची गाठ सोडली आणि विचारले, "मॅडम, ह्या कागदाचे किती द्यायचे?" मी तिला सांगितले, की ही नक्कल बाईला विनामूल्य द्यावी असे या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. तिचा विश्वास बसेना. तिने आत जाऊन कारकुनाला पुन्हा विचारले आणि परत आली. मग तो कागद चार घड्या घालून तिने रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला, सुटी काढलेली नोट पुन्हा गाठीत बांधली, आणि पुढची तारीख कोणती ते मला माझ्या डायरीत लिहायला लावले.